ओट्यावरचा ग्लास

नागपूरच्या एका कंपनीने माझ्या बहिणीला फसवलं, मला फसवलं, आणि आम्हा दोघांहून जास्त फसवलं ते एका फोटोवाल्याला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्या माणसाबद्दल बरंच वेडंवाकडं लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की चोर तोच होता.

मी गोंदियात घरांची दलाली करतो. या शब्दाची मला लाज नाही. माझा बाप राइस मिलमध्ये पोती वाहायचा. मी रिकाम्या खोल्यांच्या किल्ल्या खिशात घालून सायकलवर फिरायला लागलो, तेव्हा मला कोणी बसायला खुर्ची देत नव्हतं. आज शहरात कोणाला घर विकायचं असलं तर तो आधी माझ्याकडे येतो. घासाघीस हा माझा धंदा आणि राग हा माझा स्वभाव. दोन्ही मी कधी लपवले नाहीत.

फोटोवाल्यांना सगळे काकाजी म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. बाजारातल्या एका गल्लीत, कापडाच्या दुकानावर त्यांचा स्टुडिओ होता. वर जायचा जिना अरुंद आणि काळोखा. मी पहिल्यांदा त्यावर ठेचकाळलो आणि वर जाऊन ओरडलो, "जिन्यात एक बल्ब तरी लावा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "खाली अंधार असला का वरचा उजेड भारी वाटते, शेठ."

शेठ हा शब्द ते असा म्हणायचे की शिवी बरी वाटावी.

त्या दिवशी मी पासपोर्ट फोटो काढायला गेलो होतो. तेव्हा घरांचे फोटो मीच मोबाइलवर काढून वेबसाइटवर टाकत असे. रेल्वे लाइनीच्या पलीकडचं एक घर तेव्हा माझ्या गळ्यात पडलं होतं. हवेशीर घर, विहिरीला बारा महिने पाणी, आणि एकही फोन येत नव्हता. मालक रोज माझं डोकं खायचा. बसल्या बसल्या मी ते फोटो पाहत होतो. काकाजी मागून वाकून पाहू लागले.

"भूकंप झाला होता का तिथं?"

"म्हणजे?"

"भिंती पडून राहिल्या ना तुमच्या. खिडकी पाहा, पांढरी फट्ट. खोली काळी. अन् मधात पलंगावर धुनं. मानूस घर पाहीन का चड्डी पाहीन?"

"माझी नाही, घरमालकाची आहे."

"मंग त त्याले विचारून टाकाची होती."

मी उठून निघालो. अर्ध्या जिन्यातून परत आलो, कारण माणूस खरं बोलत होता आणि खरं बोलणाऱ्यावर मी रागावतो पण त्याला सोडत नाही. भावावरून आमचं जुंपलं. त्यांच्याशी भाव करण्यात एक अडचण होती. मी कमी सांगितलं की ते आधीपेक्षा जास्त सांगायचे. आणखी कमी सांगितलं की आणखी जास्त. धंद्यात मला कोणी असं वागवलं नव्हतं. शेवटी मी त्यांचाच भाव मान्य केला आणि आठवडाभर घरात कोणाशी नीट बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी ते त्या घरी आले. खांद्यावर पिशवी, पायात रबरी चपला, डोक्याला रुमाल. कॅमेरा काढतील म्हणून मी वाट पाहत उभा. ते म्हणाले, "चहा मांडा."

"चहा नंतर पिऊ. उजेड जाईल."

"उजेड कुठं जात नाही. याच घरात मांडा, याच ओट्यावर. अन् खिडकी उघडून."

मालकाच्या बायकोने चहा केला. ती चहा करत होती आणि हे दारात उभे राहून पाहत होते, कुठून उजेड येतो, भांडं कुठे ठेवते, हात कुठे पुरतो. मग स्टीलच्या ग्लासातला चहा घेऊन ते खोलीखोलीत जाऊन जमिनीवर बसले. प्रत्येक खोलीत थोडा थोडा प्यायले. शेवटी रिकामा ग्लास स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि कॅमेरा काढला.

फोटो आले तेव्हा मी अवाक झालो. घर तेच होतं. पण भिंती उभ्या राहिल्या होत्या. खोलीतही उजेड होता आणि खिडकीबाहेरचं पेरूचं झाडही पानापानाने दिसत होतं. एकाच जागेवरून कमी-जास्त उजेडाचे फोटो काढून ते नंतर कॉम्प्युटरवर एकात एक बसवायचे, तासन्‌तास. धुणं गेलं, दारातली मोटरसायकल गेली, कॅलेंडरं गेली. ओट्यावर ग्लास मात्र तसाच.

"हा राहिला की तुमचा," मी म्हणालो.

"राहिला नाही, ठेवला. माह्या लेन्सनं खोली ताणली जाते, शेठ. लोकायले वाटीन हॉल आहे. गिलास केवढा असते हे लेकरालेही ठाऊक. त्याच्यावरून समजते ओटा केवढा, खोली केवढी."

मी ग्लास काढायला सांगितला. त्यांनी भाव वाढवून सांगितला. ग्लास राहिला.

आणि फोन सुरू झाले. त्याच घरासाठी, त्याच किमतीसाठी. मालक म्हणाला, तुम्ही जाहिरात मोठी दिली वाटतं. मी हो म्हणालो. पुढे माझ्या कचेरीत लोक येऊन विचारू लागले, "ग्लासवाले फोटो आहेत का?" ग्लासवाल्या घराचं गिऱ्हाईक घर पाहायला यायचं ते मन अर्धं ठरवून, कारण फोटोत पाहिलेलं आणि दारातून दिसणारं एकच असायचं. गिऱ्हाईक दारात आल्यावर त्याचा चेहरा उतरतो की नाही, यावर माझा अख्खा धंदा उभा आहे. बसस्टँडकडे एक दुसरा दलाल आहे. तो कुठल्या तरी पोराकडून फोटो रंगवून घ्यायचा. आकाश समुद्रकिनाऱ्याचं, अंगणात गालिचासारखं गवत. त्याच्याकडे फोन माझ्याहून जास्त यायचे. लोक गाडी करून यायचे, फाटकातून आत पाहायचे आणि गाडीतून उतरायचेच नाहीत. काकाजी म्हणायचे, "त्याचे फोटो पाहून घर घ्याव वाटते, अन् घर पाहून त्याले हानाव वाटते."

काय खोडायचं आणि काय नाही, याचा त्यांचा एक कायदा होता. तो त्यांनी मला पहिल्याच महिन्यात ऐकवला आणि नंतर भांडण झालं की दर वेळी ऐकवला. "मालक जाताना जे घेऊन जाईन ते मी खोडतो. धुनं, गाडी, बादली, देवाचा फोटो. घेनाऱ्याच्या वाट्याले जे येईन ते मी ठेवतो. ओल त्याच्या वाट्याले येते. भेग त्याच्या वाट्याले येते. शेजाऱ्याचा संडास त्याच्याच वाट्याले येते."

या कायद्यावरून आम्ही किती भांडलो असू! आमच्या भागात पाऊस धो धो पडतो, धानाच्या बांधांत पाणी उभं असतं, जुन्या विटेच्या भिंतीला थोडी ओल येणारच. मी म्हणायचो, एवढी खोडा. ते म्हणायचे, नाही. मी म्हणायचो, दुसऱ्याकडे जातो. ते म्हणायचे, जिन्यात सांभाळून. वर त्यांची खोड अशी की जमेल तेवढी घरं ते पावसाळ्यातच काढायचे. "उन्हाळ्यात सारेच घरं शहाने दिसते, शेठ. पावसात त्यायले बोलतं करा."

हा हट्ट कुठून आला ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी न विचारता. घरांकडे वळण्याआधी त्यांचा मोठा धंदा लग्नांचा होता. अल्बम, आणि स्थळांसाठी मुलींचे फोटो. मुलीला दोन छटा गोरी करून देण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एका शेतकऱ्याच्या मुलीचा असाच फोटो त्यांनी केला. पाहुणे फोटो घेऊन आले. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, तेव्हा मुलाच्या आईने एकदा तिच्याकडे आणि एकदा हातातल्या फोटोकडे पाहिलं आणि विचारलं, "हिची लहान बहीन आहे का घरात?" ओळखीचं घर म्हणून काकाजीही तिथे पाहुण्यांत बसले होते.

"पोरीनं माह्याकडं पाहिलं," ते म्हणाले. "त्या बाईकडं नाही पाहिलं. माह्याकडं पाहिलं." मग एकदम खेकसले, "आता जन्मभर नवऱ्या गोऱ्या केल्या, भिंती नाही करनार. समजलं?"

माणूस मात्र साधा वगैरे नव्हता. गर्व भरपूर. स्वतःचे फोटो दाखवताना मागे हात बांधून उभे राहायचे, जसं काही घर त्यांनीच बांधलं. गिऱ्हाइकाने "छान" म्हटलं तर चिडायचे, "छान म्हंजे काय? काय छान?" कोणी त्यांच्या फोटोबद्दल शंका काढली तर संपलंच. मी एकदा फोनवर विचारलं होतं, "काकाजी, त्या फोटोतली भिंत खरंच तेवढी चांगली आहे ना?" त्यांनी फोन ठेवला आणि महिनाभर माझं काम घेतलं नाही.

मग नागपूरची ती कंपनी आली. विदर्भातली सगळी घरं एका ॲपवर. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं गोंदियात फिरली, दलालांना भेटली, मालकांना भेटली, फोटोवाल्यांकडून फोटो घेतले. काकाजींनी त्यांच्यासाठी एका पावसाळ्यात जिल्हाभर घरं काढली. आमगाव, देवरी, सडक अर्जुनी, तिरोडा. मीही माझी घरं त्यांच्याकडे टाकली. चांगलं चाललं होतं.

त्याच सुमारास माझे भाऊजी गेले. बहीण सौंदडला एकटी राहिली. तिला दमा आहे. तिची मुलगी तिरोड्याच्या शाळेत शिकवते, म्हणून तिरोड्याला घर घ्यायचं ठरलं. बहीण म्हणाली, "तू पाह्य. मले काय समजते त्यातलं." सौंदडचं घर तिने विकलं. परतायला जागा ठेवली नाही, हे मला माहीत होतं.

ॲपवर तिरोड्याचं एक घर आवडलं. वैशाखात मी पाहायला गेलो. भिंतींना ताजा रंग. ताजा रंग दिसला की मी सावध होतो. बोटं मारून पाहिली, कोपऱ्यात नाक लावलं. रंगाच्या वासात ओलीचा वास कळत नाही आणि वैशाखात तर कोणतीच भिंत बोलत नाही. म्हणून मागच्या खोलीत उभं राहून मी मोबाइलवर त्याच खोलीचा फोटो उघडला. फोटो श्रावणातला होता. खिडकीतून भिजलेलं अंगण दिसत होतं, पत्र्यावरून पाण्याची धार लागली होती. भिंत जुन्या रंगाची, पण स्वच्छ. आणि खिडकीत तो ग्लास. या घरात ओट्यावर ठेवायच्या ऐवजी त्यांनी तो मागच्या खोलीच्या खिडकीत ठेवला होता.

भर श्रावणात भिंत कोरडी, आणि फोटो काकाजींचा. मी बयाणा दिला. आजही त्या जागी उभा असतो तर दिला असता. त्यात माझी चूक मी मानत नाही.

पाऊस लागला आणि त्या खोलीची मागची भिंत फुगली. आधी रंगाला फोड आले, मग ओल वर चढली, खिडकीच्या वरपर्यंत. गादीला वास, कपड्यांना बुरशी. बहिणीची छाती भरली. भाचीने फोन केला तेव्हा मागून बहिणीच्या श्वासाची शिट्टी मला ऐकू येत होती. मी गेलो, तिला घेऊन आलो. गाडीत मी तिला तो फोटो दाखवला, की बघ बाई, मी आंधळेपणाने घेतलं नाही. तिने फोटो पाहिला, धाप लागलेली असतानाही हसली, आणि म्हणाली, "मंग फोटोतच जाऊन राहू का मी?"

घर विकणाऱ्यावर माझा राग नाही. विकायचं घर रंगवतात सगळेच, मीही रंगवायला लावतो. रंग समोर असतो, नखाने खरवडून पाहता येतो. फोटो खरवडता येत नाही. म्हणून तर तो कोणाचा आहे हे पाहायचं असतं.

मी त्या काळोख्या जिन्याने वर गेलो ते ओरडतच. "काकाजी! जन्मभर मला कायदा शिकवला आणि माझ्याच बहिणीच्या भिंतीला पावडर लावली?"

ते कात्रीने पासपोर्ट फोटो कापत होते. कापून झाले. मग म्हणाले, "कोनती भिंत?"

मी मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. त्यांनी चष्मा लावला. फोटो मोठा केला, सरकवला, पुन्हा मोठा केला. मग कॉम्प्युटर सुरू केला आणि स्वतःचा मूळ फोटो उघडला. तीच खोली, तेच भिजलेलं अंगण, तोच ग्लास. आणि ग्लासाच्या मागून भिंतीवर खिडकीच्या वरपर्यंत चढलेली ओल, काळपट, कडेला पांढऱ्या क्षाराची रेघ. तेव्हा मला कळलं की ग्लास त्या खिडकीत का ठेवला होता. पाहणाऱ्याची नजर ग्लासावर जावी आणि तिथून ओलीवर. त्यांनी ती ओल दाखवण्यासाठी तो फोटो काढला होता.

 त्यांची नजर अजून माझ्या मोबाइलवरच होती.

"साफ केलं आहे," ते हळू म्हणाले. "विटेचा पोत ठेवला, उजेडाचा उतार ठेवला. हात चांगला आहे." मग माझ्याकडे पाहिलं. "कोनाचा आहे?"

हे विचारायला आम्ही दोघं नागपूरला गेलो. काकाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाडीत त्यांनी मला तिकिटाचे पैसेही देऊ दिले नाहीत.

कंपनीची कचेरी काचेची. थंडगार. एका मुलीने पाणी दिलं, मग एक तरुण साहेब आला. नम्र. इतका नम्र की मला ओरडायला जागा मिळेना. मी फोटो दाखवले, हा आणि तो. साहेब म्हणाला, "सर, हे ऑटोमॅटिक आहे. अपलोड झालेला प्रत्येक फोटो सिस्टम सुधारते. त्याने प्रतिसाद वाढतो."

"कोन सुधारते?" काकाजींनी विचारलं.

"सिस्टम."

"त्याले बोलवा."

"सर, ती व्यक्ती नाही."

"मंग ओल म्हंजे डाग हे त्याले कोन सांगतलं?"

"कोणी असं सांगितलेलं नाही, सर. सिस्टमला डाग दिसला की ती काढते."

काकाजींनी मान हलवली, एखाद्या शिकाऊ पोराचं काम तपासावं तशी. "गिलास काऊन नाही काढला?"

साहेबाने फोटो पाहिला. खरंच पाहिला, तोवर त्याने पाहिला नव्हता. "ती... सजावट वाटली असेल," तो म्हणाला.

मी टेबलावर हात आपटला. पाण्याचा पेला लवंडला. मी माझ्या बहिणीच्या छातीबद्दल बोललो, भिंतीबद्दल बोललो, मोठ्याने बोललो. साहेबाने कराराचं कलम सांगितलं आणि खेद व्यक्त केला. काकाजींनी मला बाहीला धरून खाली बसवलं.

"एक काम करा," ते साहेबाला म्हणाले. "तुमी जे खोडता ते खोडत राहा. माहं काही म्हननं नाही. फक्त माहा गिलास काढून टाका. साऱ्या फोटोतून."

"सर, का? तो छान दिसतो."

मला वाटलं आता ते "छान म्हंजे काय?" म्हणून खेकसणार. ते उठले आणि बाहेर निघून गेले.

त्यांनी स्टुडिओ बंद केला. आता बोदलकसाच्या बाजूला भावाच्या शेतावर राहतात आणि कॅमेऱ्याला हात लावत नाहीत. बहीण माझ्याकडे आहे. तिरोड्याच्या भिंतीत मी पायापर्यंत खोदून काम करून घेतो आहे आणि ते मी करून घेईनच, मला कोणाच्या दयेची गरज नाही. काकाजींना अधूनमधून फोन करतो. ते प्रकृती विचारत नाहीत, पाऊस विचारत नाहीत. एकच विचारतात, "निघाला का गिलास?"

निघालेला नाही. आज सकाळीच मी ॲप उघडून पाहिलं. आमगावचं एक घर, देवरीचं एक, सडक अर्जुनीची दोन. सगळ्या भिंती पिठासारख्या गुळगुळीत आणि सगळ्यांमध्ये तो स्टीलचा ग्लास. माझ्यासारखेच शहाणे लोक तो ग्लास पाहून बयाणा देत असतील. मी गोंदियात भेटेल त्याला सांगतो, पण मी किती जणांना सांगणार?

तेव्हा त्या काचेच्या कचेरीत जो कोणी बसतो त्याला मी विचारतो. माझ्या धंद्यात प्रत्येक घराला मालक असतो आणि प्रत्येक सौद्याला सही. तुमच्याकडे भिंतीवर हात फिरतो आणि हाताला माणूस नाही, हे मी ऐकून घेणार नाही. कोणी तरी हे ठरवलं, कोणी तरी त्याला हो म्हटलं. तो कोण, ते सांगा. त्याला बोदलकसाला पाठवा, म्हाताऱ्यासमोर बसवा, आणि त्याच्या तोंडावर सांगू दे की हात माझा होता. आणि तोवर दोनातलं एक करा. ग्लास काढा, नाहीतर ओल परत टाका.